दानम्माची दुपारची गाणी

दानम्माचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जरा घोगराच होता. पण पहाटे जात्यावर बसून तिनं ओवी धरली की चार घरं ओलांडून ऐकू जायची आणि पलीकडची बाई आपलं जातं तिच्या लयीवर आणायची. लिंबवळ हे तिचं सासर अहमदपूरहून जळकोटकडं जाताना डोंगराच्या उताराला लागतं. दीडशे उंबरे, निम्मी घरं लिंगायतांची, जमीन मुरमाड. पंधराव्या वर्षी शिवमूर्तीची बायको म्हणून ती तिथं आली तेव्हा दोन लुगडी, चार भांडी आणि आई-आजीच्या तोंडच्या दोनतीनशे ओव्या एवढंच तिनं माहेरातून आणलं होतं. शाळेची पायरी कधी चढली नव्हती, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. ज्याची गरज पडली नाही त्याचं वाईट कशाला वाटेल?

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा ती एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण होती. गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळं गाव पाट्या घेऊन तिकडं गेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरची माणसंही दुसऱ्या कामावर खडी फोडत होती. दानम्मा नववा लागला तरी मातीची पाटी वाहत राहिली. एका दुपारी कामावरच तिच्या पोटात कळा आल्या. गावची सुईण धोंडाबाई तिच्या शेजारच्याच रांगेत होती. सगळा गाव तिला धोंडामाय म्हणायचा. बायांनी बाभळीखाली लुगडी धरून आडोसा केला. मुलगा झाला. धोंडामायनं कमरेचा विळा काढला, पदराला पुसला आणि नाळ कापली. पोरानं असा टाहो फोडला की तलावाच्या त्या टोकाला मुकादमानं मान वर केली.

सहा दिवस सगळं नीट होतं. सातव्या दिवशी बाळानं दूध ओढायचं सोडलं. ओठ आवळले गेले, जरा हात लावला की अंग धनुकलीसारखं वाकायचं. आठव्या दिवशी ते गेलं.

"सटवाईनं तेवढंच लिव्हलं व्हतं, बाई," सासू गुरम्मा म्हणाली.

दानम्मानं ते मान्य केलं. मान्य केलं नाही तर दुसरं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. महिन्याभरानं तिनं पुन्हा पाटी उचलली. पुढं दोन मुली झाल्या, जगल्या, शाळेतही जाऊ लागल्या.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. मोठी कचेरी उस्मानाबादहून लातूरला आली म्हणजे नेमकं काय झालं, हे लिंबवळला कळायला वर्ष गेलं. मग जीपगाड्या येऊ लागल्या. हे माहीत करून घ्या, ते लिहून द्या. अशाच एका जीपमधून गावाला बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग मिळाला आणि तो चालवायचा जिम्मा रत्नम्मावर आला. रत्नम्मा उदगीरकडची, सातवी शिकलेली, गावातल्या किराणा दुकानदाराची धाकटी सून. वय बावीस. तिला एक फळा मिळाला, तीस पाट्या मिळाल्या आणि चित्रांचं पुस्तक मिळालं.

पुस्तकातला पहिला शब्द होता 'नळ'. खाली नळाचं चित्र आणि त्यातून धो धो पडणारं पाणी.

पहिल्या दिवशी पाच बायका आल्या होत्या. त्यातली एक चित्राकडं बघून म्हणाली, "रत्नम्मा, ह्यो नळ कुठं हाय तेवढं सांग. घागर घिऊन येते." सगळ्या हसत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन आल्या, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही.

रत्नम्मा रडत बसणारी नव्हती. ती थेट दानम्माच्या ओसरीवर आली.

"अक्का, ज्या बायांला शेतात जाता येत न्हाई, त्याच दुपारी घरी असत्यात. पोटुश्या न्हाईतर ओल्या बाळंतिणी. पर त्या पाटीसाठी येत न्हाईत. गाण्यासाठी येतील. तुम्ही गावा."

"मला अक्षर वळखू येत न्हाई, पोरी."

"मला गाणं येत न्हाई. झाली की बरोबरी."

दानम्माला हा हिशेब आवडला. पण तिला गाव माहीत होतं. पोटुश्या बाया एका जागी बसवू नयेत, एकीची नजर दुसरीला लागते, असं म्हणणाऱ्या सासवा घराघरात होत्या, आणि पहिली तिच्याच घरात होती. म्हणून तिनं सुनांना बोलावलंच नाही. सासवांना बोलावलं.

"आत्याबाई," ती गुरम्माला म्हणाली, "तुमच्या टायमाची डोहाळ्याची गाणी आमाला अर्धीमुर्धी येत्यात. तुमच्यामागं ती जातील. मठाच्या ओसरीत या, म्हणून दावा. सुना बसतील ऐकत."

गुरम्मा मनातून खूश झाली. इतक्या वर्षांत तिच्याकडं कुणी काही शिकायला मागितलं नव्हतं. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं विहिणीला. सोमवारी दुपारी मठाच्या ओसरीत सात म्हाताऱ्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ डोक्यावर पदर घेऊन अकरा सुना. कुणाला चौथा, कुणाला आठवा, कुणाच्या मांडीवर सव्वा महिन्याचं गाठोडं. गुरम्मानं चिंचेच्या बोटुकाची आणि भाजक्या मातीची हौस सांगणारं गाणं म्हटलं, दुसरीनं त्यात आपलं कडवं घातलं. सुना आधी पदरात हसल्या, मग गाऊ लागल्या. दानम्मा मधे बसून आवाज उचलून धरायची. रत्नम्मानं त्या दिवशी फळा भिंतीकडं तोंड करूनच ठेवला.

असं वर्षभर चाललं. आठवड्यातून तीन दुपारी. गाण्याच्या मधल्या वेळेत बाया बोलायच्या, आणि बोलण्यातून दानम्मा नवी ओवी करायची. उपकेंद्राची नर्सबाई महिन्यातून एकदा यायची. आधी ती उभ्यानं भाषण करून जायची. एक भाषण संपल्यावर दानम्मानं विचारलं, "बाई, पयलं पिवळं दूध पाजायचं म्हणता, आमी तर पिळून टाकतो. का पाजायचं?" नर्सबाईनं समजावून सांगितलं. दानम्मा म्हणाली, "मग असं म्हणा की":

*पयलं दूध पिवळं गं, म्हशीचा जसा चीक*
*वासराला देता बाई, लेकराला का भीक?*

म्हाताऱ्यांत खसखस पिकली. भाषण कुणाच्या ध्यानात राहिलं नसतं, पण ही ओवी संध्याकाळपर्यंत आडावर पोहोचली. त्यानंतर नर्सबाई भाषण करेनाशी झाली. ती दानम्माच्या शेजारी बसून सांगायची आणि दानम्मा ते लयीत बसवायची.

पुढच्या पावसाळ्यात, एका दुपारी, नर्सबाईनं धनुर्वाताचं सांगितलं. पोटुशीला दोन सुया का टोचायच्या. नाळ कापायचं पातं नवं का पाहिजे, ते उकळून का घ्यायचं. मातीत, शेणात, लोखंडाच्या गंजात काय असतं. "ते नाळेतून आत जातं. सहा दिवस लेकरू बरं असतं. सातव्या-आठव्या दिवशी ओठ मिटतात, दूध ओढत नाही, अंग वाकतं."

बाया च् च् करत ऐकत होत्या. दानम्मानं पुढचं ऐकलं नाही. ती उठली आणि घरी गेली.

शिवमूर्ती बैलांना पाणी दाखवून आला तर ती चुलीसमोर नुसतीच बसलेली. त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "आपलं पोर सटवाईनं न्हाई नेलं. विळ्यानं नेलं." आणि सगळं सांगितलं. शिवमूर्ती कमी बोलणारा माणूस. एवढंच म्हणाला, "आता कळून काय करतीस?"

हा प्रश्न तिला दोन दिवस पुरला. दोन दुपारी ती मठाकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर तिला उत्तर सापडलं. दुपारी ती ओसरीत जाऊन बसली आणि कुणाशी काही न बोलता म्हणू लागली:

*नाळ कापाया आणा गं, पातं नवंकोरं*
*उकळत्या पाण्यामंदी न्हाऊ द्या त्येला सारं*

*विळा ऱ्हाऊ द्या शेताला, गवताचा त्यो धनी*
*माझ्या कुशीचा राजा, नेला गं विळ्यानी*

सगळ्या बायांच्या माना मागं वळल्या. कारण त्या दिवशी धोंडामाय कोपऱ्यात बसलेली होती. साठी उलटलेली, वाळकी, ताठ म्हातारी. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"माझ्या हातानं मेलं म्हणतीस का गं?"

दानम्मा काही बोलायच्या आत ती निघून गेली. तिच्यामागून दोन सासवा आपापल्या सुनांना घेऊन गेल्या. पुढच्या वेळी ओसरीत सहाच जणी होत्या. गावात बोलणं सुरू झालं की दानम्मानं भर बायांत सुईणीला खुनी ठरवलं. गुरम्मासुद्धा म्हणाली, "जिनं तुझ्या दोन्ही पोरी सोडवल्या तिला असं म्हणावं का?"

दानम्मा चार दिवस थांबली आणि पाचव्या दिवशी धोंडामायच्या घरी गेली. म्हातारी दारात जवारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजून काही गाणं ऱ्हायलंय का माझ्यावर?"

"गाणं तुमच्यावर न्हाई, माय. विळ्यावर हाय."

"विळा कुणाच्या हातात व्हता?"

दानम्मा उंबऱ्याबाहेर खाली बसली. "तुमच्या. आन् पोर माझ्या मांडीवर व्हतं. मी बी बघत व्हते तुम्ही पदराला पुसताना. मला बी न्हाई कळलं. ठाऊक असतं तर तुम्ही केलं असतं का?"

म्हातारीचे हात सुपात थांबले. "चाळीस वरसं झाली हे करून. शेकड्यानं लेकरं काढली. आठव्या दिवशी गेलेली बी..." ती बोटांवर मोजू लागली. घरांची नावं पुटपुटत होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातावर आली आणि तिथं तिनं मूठ मिटून घेतली. "सगळी सटवाईच्या अंगावर घालत आले."

"माय, ज्येला ठाऊक व्हतं त्यो आपल्यापतुर आलाच न्हाई. आता आलाय."

"आता कोण माझ्या हातावर इश्वास ठेवील?"

"तुम्ही सोता म्हणलात तर ठेवतील. मी म्हणलं तर लोक म्हणतील, दानम्मा नर्सबाईचं शिकून बोलायली. तुम्ही म्हणलात की गाव ऐकतं."

धोंडामायनं सूप पुढं सरकवलं आणि दानम्मा तिच्याबरोबर खडे वेचत बसली. अंधारायच्या आत घरी आली.

पुढच्या सोमवारी धोंडामाय मठात आली. कोपऱ्यात न बसता मधोमध बसली. फाटक्या आवाजात तिनं दानम्माच्या दोन्ही ओव्या म्हटल्या, आणि त्यांना स्वतःची एक जोडली:

*दोरा बी उकळा बाई, हात धुवा साबणानं*
*चुकले ते सांगते मी, माझ्याच गं तोंडानं*

गुरम्मानं उठून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तीच ओवी पुन्हा धरली. मग सगळ्यांनी म्हटली. त्या दिवसापासून धोंडामायच्या कनवटीला तंबाखूच्या डबीशेजारी दुसरी एक पत्र्याची डबी आली. त्यात नवं पातं, दोरा आणि साबणाची वडी असायची. बाळंतपणाला गेली की आधी पाणी उकळायला लावायची आणि पाणी उकळेपर्यंत ओवी म्हणत बसायची. आलेल्या बायांना ती पाठ झाल्याशिवाय सोडायची नाही.

रत्नम्मा हे सगळं बघत होती. एक दिवस तिनं फळा भिंतीकडून फिरवला आणि दानम्माची ओवी मोठ्या अक्षरांत लिहून काढली.

"अक्का, हे तुमचंच हाय. तोंडानं म्हणा आन् बोट फिरवा. 'नाळ' कुठं हाय ते दावा."

दानम्मानं ओवीचा पहिला शब्द म्हटला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. रत्नम्मानं शेजारी 'नळ' लिहिलं. "ह्यो त्या पुस्तकातला. दोन्हीत फरक काय?"

दानम्मा फळ्याजवळ गेली. नाक टेकेल इतकी जवळ. "ही काठी," ती म्हणाली. "ही उभी काठी ह्येच्यात हाय, त्येच्यात न्हाई."

"त्येला काना म्हणत्यात."

"म्हंजी काना लावला की नळाची नाळ होती?" दानम्मा मोठ्यानं हसली आणि बायांकडं वळली. "आगं, लई सोपं हाय की गं हे!"

सोपं नव्हतंच. जोडाक्षरांनी तिला सहा महिने छळलं. पण पाठ असलेल्या ओळीत हरवायला होत नाही. पुढचा शब्द काय हे तोंडाला ठाऊक असतं, बोटानं फक्त तो गाठायचा असतो. गुरम्माला वाचता आलं नाही, तिची नजर गेली होती, पण ती सुनांना ओरडायची, "ए, शब्द सोडू नकोस, मी मोजायले." तीन वर्षांत त्या ओसरीतून साठपेक्षा जास्त बाया गेल्या. पुष्कळ जणींना सही आली, वीसेक जणी सावकाश वाचू लागल्या. दानम्मानं एक वही केली. तीत ओव्या उतरवल्या, ओळी वर-खाली जाणाऱ्या, अक्षर बोराएवढं.

शहाऐंशीचा उन्हाळा आला तो तिसऱ्या कोरड्या वर्षाच्या पाठीवर. आड आटले. टँकर एक दिवसाआड यायचा आणि पाणी आडात ओतून जायचा. ते गढूळ पाणी बाया शेंदून न्यायच्या. एप्रिलात लेकरांना हगवण लागली. आजूबाजूच्या वाड्यांवर दोन पोरं गेल्याचं कळलं. दवाखाना लांब, एसटीचा भरवसा नाही.

दानम्मानं त्या आठवड्यात मठ बंद ठेवला. गाणाऱ्या बायांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला गल्ली वाटून दिली. "घरात जायचं, चुलीपाशी बसायचं, पाणी उकळून गार करायला लावायचं, आन् म्हणत म्हणत करून दावायचं. बोलून यायचं न्हाई. करून यायचं."

*चिमटीत मीठ घ्या गं, मुठीत साखर*
*डोळ्याच्या पाण्याहून नको खारं तांब्याभर*

दुसरी ओळ धोंडामायची. नर्सबाईनं सांगितलं होतं की पाणी आसवांपेक्षा खारट नसावं, आणि म्हातारी म्हणाली होती, "ती चव बायांला इचारावी लागत न्हाई." जोड्या सकाळ-संध्याकाळ फिरल्या. रत्नम्मानं दुकानातून साखरेच्या पुड्या बांधून दिल्या. जूनपर्यंत सत्तावीस लेकरं आजारी पडली, त्यातलं एकही गेलं नाही. दोघांना शिवमूर्तीनं बैलगाडीत घालून अहमदपूरला नेलं, तीही परत आली.

त्याच जूनमध्ये वर्ग तपासायला एक साहेब आले. सफारीतले, घामानं भिजलेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी हजेरी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दहा महिने तीच तीस नावं पाहिजेत. इथं दर दोन महिन्यांनी नावं बदलतात. हा काय प्रकार आहे?"

रत्नम्मा चाचरली. दानम्मा पुढं झाली. "साहेब, पोटुशी बाई दहा महिने पोटुशी ऱ्हात न्हाई."

साहेबांना हसू आवरलं नाही. पण म्हणाले, "बाई, ते खरं. पण वर मी काय कळवू? गाणी म्हणतात असं?"

"तुमची वही द्या बरं." तिनं हजेरीपट हातात घेतला, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "म-हि-लां-सा-ठी... महिलांसाठी... प्रौढ शि-क्षण वर्ग. उ-पस्थिती." जोडाक्षरापाशी थांबली, पण सोडलं नाही. मग मान वर केली. "हे कळवा. आन् ह्या उन्हाळ्यात सत्तावीस लेकरं वाचली, ते बी कळवा."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. तरी नियम तो नियम. दिवाळीच्या आधी वर्ग कागदावर बंद झाल्याचं पत्र आलं. फळा आणि पाट्या परत मागितल्या होत्या. रत्नम्माला वाईट वाटलं. दानम्मानं ते पत्र स्वतःच बायांना वाचून दाखवलं आणि म्हणाली, "वर्ग गेला. मठ तर कुणी नेला न्हाई? सोमवारी या." मठाच्या भिंतीला त्यांनी डांबर फासलं आणि खडू रत्नम्माच्या दुकानातून येऊ लागला.

त्यानंतरच्या वर्षी दानम्माच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. तिच्या नावानं आलेलं ते पहिलंच. पोस्टमन वाचून दाखवायला लागला तर तिनं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. कार्ड कस्तुराबाईचं होतं. कस्तुराबाई गावची लेक, नांदेड जिल्ह्यात मुखेडकडं दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हा चार महिने ओसरीत बसायची. तिनं लिहिलं होतं की तिच्या सासरीही आता बाया जमतात, सुईणही येते. 'अक्का, तुमी एकदा याव. सगळ्याना तुमाला बघायच हाय.'

दानम्मा आणि धोंडामाय जळकोटहून एसटी धरून गेल्या. कस्तुराबाईच्या गावात मारुतीच्या पारावर तीसेक बाया बसल्या होत्या, कितीतरी पोटुश्या. पाहुण्यांच्या मानासाठी त्यांनी पातं न्हाऊ घालायची ओवी धरली. दानम्मा ऐकत होती आणि अचानक तिनं हात वर केला.

"थांबा, थांबा. ही दुसरी ओळ माझी न्हाई."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एक ठसठशीत म्हातारी, तिथली सुईण, म्हणाली, "आमच्याकडं अशीच म्हणत्यात. 'पात्याला न्हाऊ घाला, मग न्हावी पोरं.' पात्याची अंघोळ आधी, लेकराची मागून."

दानम्मानं ती ओळ तोंडात घोळवून पाहिली. एकदा, दोनदा. धोंडामायनं तिला कोपर मारलं. "तुझ्यापेक्षा बरी हाय, दानम्मा."

"हाव," दानम्मा म्हणाली, "लई बरी हाय." तिनं पिशवीतून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि त्या बाईला म्हणाली, "सावकाश सांगा, बाई. मला जोडाक्षराला येळ लागतो."